मधली फळी : इंग्लंडमधील शाळा आणि शिक्षकांच्या संघटना

मुख्याध्यापक आणि वर्गात शिकवणारा शिक्षक या दोन टोकांच्या मध्ये प्रत्येक मोठ्या शाळेत शिक्षकांचा आणखी एक वर्ग असतो. गणित, विज्ञान, भाषा यांसारख्या विषयांचे विभागप्रमुख. एकेका इयत्तेतील सर्व विद्यार्थ्यांची काळजी वाहणारे इयत्ताप्रमुख. अध्ययनात अडचणी असणाऱ्या मुलांच्या शिक्षणाची व्यवस्था पाहणारे समन्वयक. प्राथमिक शाळेत वाचनाच्या किंवा गणिताच्या अध्यापनाची आखणी करणारे विषयप्रमुख, हे सर्व त्या वर्गात मोडतात. इंग्लंडमध्ये त्यांना ‘मधल्या फळीतील नेते’ असे संबोधण्याचा प्रघात पडला आहे. महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांमधील पर्यवेक्षकाच्या पदाशी त्यांचे थोडेसे साम्य आहे. तथापि पर्यवेक्षकाची नजर साऱ्या शाळेच्या कामकाजावर असते, तर इंग्लंडमधील विभागप्रमुख हा आपल्या विषयाच्या चार-सहा शिक्षकांचा अग्रणी असतो.

या मंडळींचे स्थान मोठे चमत्कारिक आहे. आठवड्यातील बहुतेक तास ती इतरांप्रमाणेच वर्गावर असतात, त्यांचे मूळ वेतनही शिक्षकांच्याच श्रेणीतले असते आणि शिक्षक-कक्षात त्यांची खुर्ची सहकाऱ्यांच्या शेजारीच असते. परंतु त्याच सहकाऱ्यांचे पाठ पाहणे, त्यांच्या कामाविषयी लेखी अभिप्राय देणे, निकाल घसरल्यास त्याचा जाब मुख्याध्यापकांपुढे देणे हीही त्यांचीच कामे होत. मग प्रश्न असा उपस्थित होतो की, अशा व्यक्तीचा कामगार संघटनेशी संबंध कोणता? संघटना ही नोकरी करणाऱ्यांची. विभागप्रमुख हा नोकरी करणारा की नोकरी देणाऱ्याचा हस्तक? प्रस्तुत प्रकरणात या प्रश्नाचा इंग्लंडमधील अनुभवाच्या आधारे विचार करावयाचा आहे.

पदांची जडणघडण

मधली फळी आज ज्या स्वरूपात दिसते ते स्वरूप तिला क्रमाक्रमाने प्राप्त झाले. १९६५ मध्ये ब्रिटिश सरकारने एक परिपत्रक काढून स्थानिक शिक्षण प्राधिकरणांना सर्वसमावेशक माध्यमिक शाळांच्या योजना सादर करण्याची विनंती केली. मुलांची वयाच्या अकराव्या वर्षी परीक्षेने विभागणी करण्याऐवजी सर्वांना एकाच शाळेत शिकवावे, हा त्यामागील हेतू होता. १९७२ मध्ये शाळा सोडण्याचे किमान वय १५ वरून १६ करण्यात आले. या दोन्ही गोष्टींमुळे शाळांचा आकार वाढला. हजार-बाराशे मुलांच्या शाळेत प्रत्येक मुलाला नावाने ओळखणे एकट्या मुख्याध्यापकाला शक्य नव्हते. म्हणून विषयांचे प्रमुख आणि विद्यार्थ्यांच्या गटांचे प्रमुख अशी दुहेरी रचना अनेक शाळांत रूढ झाली.

त्या काळी शिक्षकांचे वेतन बर्नहॅम समितीत ठरत असे. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या या समितीत एका बाजूस शिक्षणसंस्था चालवणाऱ्यांचे व दुसऱ्या बाजूस शिक्षक-संघटनांचे प्रतिनिधी समोरासमोर बसत. जबाबदारीच्या पदांना वरची वेतनश्रेणी देण्याची पद्धत याच समितीतील वाटाघाटींतून विकसित झाली. या पद्धतीत पद आणि काम यांचे नाते पुष्कळदा सैल राहत असे. अनुभवी शिक्षकाला शाळेत टिकवून धरण्यासाठी वरची श्रेणी द्यावयाची व तिला शोभेल असे एखादे काम जोडून द्यावयाचे, असेही घडत असे.

१९८४ ते १९८७ या काळात वेतनावरून शिक्षक आणि सरकार यांच्यात दीर्घ संघर्ष झाला. शिक्षकांनी संप तर केलेच. शिवाय करारात न लिहिलेली पण वर्षानुवर्षे सवयीने चालत आलेली कामे करण्याचेही नाकारले. शाळेनंतरच्या सभा, पालकांच्या भेटी, अनुपस्थित सहकाऱ्याचे तास या साऱ्यांवर त्याचा परिणाम झाला. शाळा सद्भावनेवर किती अवलंबून असते हे त्यावेळी सर्वांनाच कळून आले. सरकारने त्यातून वेगळा बोध घेतला. १९८७ च्या कायद्याने बर्नहॅम समिती रद्द झाली आणि शिक्षकाच्या सेवाशर्ती प्रथमच तपशीलवार लिहून जाहीर करण्यात आल्या. वर्षाचे १९५ दिवस आणि १,२६५ तास शिक्षकाने मुख्याध्यापकाच्या निर्देशानुसार काम करावे, असे त्यात ठरवण्यात आले. १९९१ मध्ये वेतनाविषयी शिफारशी करण्यासाठी एक पुनर्विलोकन मंडळ नेमण्यात आले. या मंडळापुढे संघटना निवेदने मांडू शकत. परंतु पूर्वीसारखी समोरासमोर बसून सौदा करण्याची जागा त्यांना उरली नाही.

याच सुमारास मधल्या फळीवरचे ओझे वाढत गेले. १९८८ च्या शिक्षण सुधारणा कायद्याने राष्ट्रीय अभ्यासक्रम आणला आणि शाळेच्या अंदाजपत्रकाची सूत्रे बहुतांशी शाळेकडेच सोपवली. १९९२ च्या कायद्याने नियमित तपासणीची नवी यंत्रणा उभी केली. अभ्यासक्रम विषयवार होता, तपासणीचे प्रश्नही बऱ्याच अंशी विषयवार येत. त्यामुळे उत्तरे द्यावयाची ती विभागप्रमुखाने. १९९८ मध्ये शिक्षक-प्रशिक्षण संस्थेने विषयप्रमुखांसाठी राष्ट्रीय मानके प्रसिद्ध केली. अनुभवाचा मान म्हणून मिळणारे पद आता लेखी कर्तव्यांचे आणि उत्तरदायित्वाचे पद बनले.

वेळेचा प्रश्न : ‘वाजवी’ म्हणजे किती?

मधल्या फळीच्या तक्रारींत सर्वांत जुनी आणि सर्वांत चिवट तक्रार वेळेची आहे. काम वाढले, त्यासाठी दिवस मात्र मोठा झाला नाही.

१५ जानेवारी २००३ रोजी सरकार, शाळा चालवणारी प्राधिकरणे आणि बहुतेक शिक्षक-संघटना यांच्यात कामाचा भार कमी करण्याविषयी एक राष्ट्रीय करार झाला. १८७० मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल युनियन ऑफ टीचर्स या जुन्या संघटनेने त्यावर सही केली नाही. पात्रताधारक शिक्षकाऐवजी साहाय्यकाने वर्ग घ्यावा हे तिला मान्य नव्हते. कराराच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने अंमलात आल्या. सप्टेंबर २००३ पासून झेरॉक्स काढणे, पैसे गोळा करणे यांसारखी कारकुनी कामे शिक्षकाकडून नित्यनेमाने करून घेता येईनाशी झाली. सप्टेंबर २००५ पासून पूर्वतयारी, नियोजन आणि मूल्यमापन यांसाठी शिक्षकाच्या अध्यापनाच्या वेळापैकी किमान १० टक्के वेळ राखून ठेवणे बंधनकारक झाले. सप्टेंबर २००९ पासून अनुपस्थित सहकाऱ्याचे तास शिक्षकाने क्वचितच घ्यावेत, असा दंडक आला.

याच करारात मधल्या फळीसाठीही एक तरतूद होती. नेतृत्वाची अथवा व्यवस्थापनाची जबाबदारी असणाऱ्या शिक्षकाला ती पार पाडण्यासाठी शाळेच्या वेळातच ‘वाजवी’ वेळ मिळावा, असे त्यात म्हटले होते. या दोन तरतुदी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे त्यांतील फरक ध्यानात येतो. पूर्वतयारीच्या वेळेला आकडा आहे. नेतृत्वाच्या वेळेला केवळ विशेषण आहे. ज्या हक्काला आकडा असतो तो वेळापत्रकात बसतो आणि तो डावलला गेला तर तत्काळ दिसतो. ज्या हक्काला विशेषण असते तो प्रत्येक शाळेत नव्याने मागावा लागतो. आणि वेळापत्रक तयार करताना प्रथम कात्री लागते ती त्यालाच. विशेष गरजा असणाऱ्या मुलांच्या समन्वयकाची स्थितीही अशीच आहे. त्याला ‘पुरेसा’ वेळ आणि साधने मिळावीत असे २०१५ ची शासकीय संहिता सांगते. पुरेसा म्हणजे किती, हे ती सांगत नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊन हिशेब मांडता येईल. एका विभागात प्रमुखाखेरीज पाच शिक्षक आहेत असे समजू. प्रत्येकाचा पाठ सत्रातून एकदा पाहावयाचा आणि नंतर त्यावर तासभर चर्चा करावयाची, तर तीन सत्रांत ३० तास होतात. प्रत्येक अर्धसत्रात प्रत्येक शिक्षकाच्या वर्गातील वह्यांची तासभर पाहणी केली, तर सहा अर्धसत्रांचे आणखी ३० तास. आठवड्याला एक तासाची विभागीय सभा धरली, तर ३९ आठवड्यांचे ३९ तास. एकूण बेरीज ९९ तास, म्हणजे आठवड्याला सुमारे अडीच तास झाली. यात निकालांचे विश्लेषण नाही, पालकांची पत्रे नाहीत, नवीन शिक्षकाला मार्गदर्शन नाही, पाठ्यपुस्तकांची खरेदी नाही. ज्या शाळेत विभागप्रमुखाला आठवड्यातून एकच जादा मोकळा तास मिळतो, तेथे उरलेले काम कोठे जाते हे वेगळे सांगावयास नको. ते रात्रीच्या जेवणानंतर आणि रविवारी दुपारी होते.

संघटनेच्या साहाय्याचे पहिले आणि बहुधा सर्वांत उपयुक्त रूप येथे दिसते. १,२६५ तासांची मर्यादा मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक आणि साहाय्यक मुख्याध्यापक यांना लागू नाही. विभागप्रमुखाला आणि इयत्ताप्रमुखाला मात्र ती लागू आहे. म्हणजेच कायद्याच्या दृष्टीने मधली फळी ही शिक्षकांचीच फळी आहे. संघटनेचा शाळा-प्रतिनिधी वर्षारंभी मुख्याध्यापकांशी बसून या तासांचे वार्षिक कोष्टक तयार करतो. वर्गाचे तास, सभा, पालकभेटी, अहवाल-लेखन हे सर्व त्यात मांडले जाते. विभागप्रमुखाची कामेही त्याच कोष्टकात मांडावीत, असा आग्रह प्रतिनिधीने धरला की ‘वाजवी’ या शब्दाला त्या शाळेपुरता तरी आकडा मिळतो. अर्थात येथे एक पळवाट आहे. आपली कर्तव्ये नीट पार पाडण्यासाठी लागणारा आणखी वाजवी वेळ शिक्षकाने द्यावा, असेही सेवाशर्तींत म्हटले आहे, आणि त्या वेळेची गणना होत नाही. म्हणून केवळ तास मोजून भागत नाही. कोणती कामे अनावश्यक आहेत हे सांगण्याचे धैर्यही संघटनेला दाखवावे लागते. तीच माहिती तीन निरनिराळ्या तक्त्यांत भरावयास लावणे हे काम नव्हे, कामाचा आभास होय.

वेतनाचा प्रश्न

पदाचे वेतन हा दुसरा प्रश्न. २००६ च्या प्रारंभी पूर्वीचे व्यवस्थापन-भत्ते बंद होऊन त्यांच्या जागी ‘अध्यापन व अध्ययन जबाबदारी वेतन’ आले. त्याचे दोन स्तर होते. आरंभी खालच्या स्तराची मर्यादा वर्षाला २,२५० ते ५,५०० पौंड आणि वरच्या स्तराची ६,५०० ते ११,००० पौंड होती. हे वेतन मिळण्यासाठी पदावरील जबाबदारी लक्षणीय असली पाहिजे, सर्वच शिक्षकांकडून अपेक्षित नसणारी असली पाहिजे, तिचा रोख अध्यापनावर व अध्ययनावर असला पाहिजे, आणि स्वतःच्या वर्गाबाहेरील मुलांच्या प्रगतीवर तिचा परिणाम झाला पाहिजे, अशा अटी होत्या.

या बदलाच्या काळात प्रत्येक शाळेला आपल्या पदांची रचना नव्याने तपासावी लागली. ज्यांचे भत्ते गेले त्यांना तीन वर्षे जुन्या वेतनाचे संरक्षण मिळाले. त्यानंतर मात्र ती रक्कम हातची गेली. सर्वांत मोठा फटका इयत्ताप्रमुखांना बसला. घरी मारहाण होणाऱ्या मुलीला विश्वासात घेणे, शाळा चुकवणाऱ्या मुलाच्या आईला पुन्हा पुन्हा भेटणे, भांडणे मिटवणे या कामांचा ‘अध्यापनाशी’ संबंध काय, असे विचारले जाऊ लागले. अनेक शाळांनी ही कामे अध्यापनेतर कर्मचाऱ्यांकडे सोपवली. त्यांतील कित्येकांनी ती निष्ठेने केली यात शंका नाही. परंतु वर्गात शिकवणारा आणि मुलाची काळजी वाहणारा माणूस एकच असण्यात जो लाभ होता, तो त्या शाळांनी गमावला. पदरचना बदलताना संघटनांशी विचारविनिमय करणे आवश्यक होते. जेथे प्रतिनिधी जागरूक होता तेथे पदे अधिक न्याय्य रीतीने ठरली. जेथे तो नव्हता तेथे निर्णयाची केवळ सूचना फलकावर लागली.

वेतनाच्या संदर्भात आणखी एक अन्याय दीर्घकाळ चालला. अर्धवेळ काम करणाऱ्या शिक्षकाला जबाबदारी-वेतनही त्याच्या तासांच्या प्रमाणात मिळत असे. एखादी शिक्षिका आठवड्यातून तीन दिवस शाळेत येत असली तरी विभाग सांभाळण्याची जबाबदारी मात्र तिच्यावर पुरी असे. विभागाचे परीक्षेचे निकाल तीन-पंचमांश लागत नाहीत. मुले लहान असताना अर्धवेळ काम पत्करणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी असल्याने हा नियम प्रामुख्याने त्यांनाच जाचत असे. संघटनांनी या नियमाला दीर्घकाळ विरोध केला. २०२५ मध्ये, पदाचे वेतन तासांऐवजी प्रत्यक्ष वाहिलेल्या जबाबदारीच्या प्रमाणात देता यावे, असा बदल सेवाशर्तींच्या दस्तऐवजात करण्यात आला.

सहकाऱ्याचे मूल्यमापन

वेळ आणि वेतन हे प्रश्न इतर शिक्षकांनाही आहेत. मधल्या फळीचा खास असा प्रश्न निराळाच आहे. ज्याच्याबरोबर चहा घ्यावयाचा त्याच्या कामाचा निवाडा करावयाचा, ही ती अडचण होय.

या बाबतीत नियम वारंवार बदलत गेले. २००७ पासून अंमलात आलेल्या नियमांनी कार्यमूल्यमापनासाठी एका वर्षात शिक्षकाचे पाठ जास्तीत जास्त तीन तास पाहावेत, अशी मर्यादा घातली होती. २०१२ च्या नव्या नियमांत ती मर्यादा राहिली नाही. सप्टेंबर २०१३ च्या दस्तऐवजाने शिक्षकाची वेतनवाढ त्याच्या कामगिरीशी जोडणे शाळांना बंधनकारक केले. या दोन्ही निर्णयांचा भार अखेरीस विभागप्रमुखाच्या टेबलावर येऊन पडला. पूर्वी त्याचा अभिप्राय ‘या वर्गात प्रश्न विचारण्याची पद्धत सुधारता येईल’ एवढाच असे. आता त्याच अभिप्रायावर सहकाऱ्याची वार्षिक वाढ अवलंबून राहू लागली.

याचा परिणाम अभिप्रायाच्या प्रामाणिकपणावरही होतो. आपली अडचण मोकळेपणी सांगितली तर पैसे कापले जातील, असे ज्या शिक्षकाला वाटते तो अडचण झाकून ठेवतो. आणि स्पष्ट लिहिले तर सहकाऱ्याच्या संसारावर आघात होईल, असे ज्या प्रमुखाला वाटते तो गुळमुळीत लिहितो. दोघेही वाईट माणसे नसतात, तरीही मुलांच्या वाट्याला आलेला पाठ मात्र सुधारत नाही. संघटनांनी या पद्धतीला विरोध केला तो केवळ वेतनाच्या कारणासाठी नव्हे. शिकणे आणि निवाडा ही दोन कामे एकाच कागदावर केली तर पहिले नष्ट होते, हा त्यांचा युक्तिवाद होता. सप्टेंबर २०२४ पासून वेतन कामगिरीशी जोडण्याची सक्ती उठली. परंतु सक्ती उठली म्हणजे पद्धत गेली असे नव्हे. ती ठेवण्याची मुभा शाळांना राहिलीच.

एकाच संघटनेचे दोन सभासद

संघटनेच्या दृष्टीने सर्वांत अवघड प्रसंग कोणता, असे विचारल्यास त्याचे उत्तर पुढील उदाहरणात सापडेल. एका शिक्षकाच्या वर्गाचे निकाल सतत दोन वर्षे खालावले आहेत. मुख्याध्यापक विभागप्रमुख बाईंना सांगतात की, या शिक्षकाची औपचारिक चौकशी सुरू करावयाची आहे. तुम्ही पाठ पाहून नोंदी द्या. शिक्षक संघटनेच्या प्रतिनिधीकडे धाव घेतो व बाई आपला छळ करीत असल्याची तक्रार करतो. त्याच सायंकाळी विभागप्रमुख बाईही त्याच प्रतिनिधीला भेटतात. नोंदी कठोर लिहाव्यात म्हणून आपल्यावर दडपण येत आहे, असे त्यांचे म्हणणे असते. दोघेही वर्गणी भरणारे सभासद आहेत. मग संघटना कोणाची?

अशा वेळी संघटनांचा रूढ संकेत असा की, दोन सभासदांना दोन वेगळे कार्यकर्ते साहाय्य करतात, आणि एकाकडे सांगितलेली गोष्ट दुसऱ्याच्या कानी जात नाही. शाळेतील प्रतिनिधी एकाची बाजू घेतो व दुसऱ्यासाठी शाखेतून अथवा विभागीय कार्यालयातून दुसरी व्यक्ती येते. १९९९ च्या रोजगार-संबंध कायद्यानुसार शिस्तभंगाच्या अथवा गाऱ्हाण्याच्या सुनावणीस संघटनेचा सोबती बरोबर नेण्याचा हक्क प्रत्येक कर्मचाऱ्यास आहे. सोबत्याला सभासदाची बाजू मांडता येते, त्याच्याशी खाजगीत सल्लामसलत करता येते. मात्र त्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या वतीने देता येत नाही. हा हक्क चौकशीला सामोऱ्या जाणाऱ्या शिक्षकाला आहे आणि गाऱ्हाण्यात ज्याच्यावर आरोप झाला त्या विभागप्रमुखावर शिस्तभंगाची कारवाई झाल्यास त्यालाही आहे.

या संकेतामागे एक तत्त्व आहे. संघटना सभासदाच्या प्रत्येक कृतीचे समर्थन करण्यास बांधलेली नसते. त्याला न्याय्य वागणूक मिळावी यासाठी ती बांधलेली असते. विभागप्रमुखाने सहकाऱ्याला सर्वांसमक्ष टाकून बोलणे संघटनेला मान्य होणार नाही. पण तसे बोलल्याचा आरोप झाला तर त्याची बाजू नीट ऐकली जावी, यासाठी तीच संघटना उभी राहील. अनुभवी प्रतिनिधी याहून पुढचीही गोष्ट जाणतो. पुष्कळदा दोन सभासदांतील भांडणाचे मूळ त्या दोघांत नसतेच. वर्गात ३० ऐवजी ३४ मुले, रिक्त राहिलेली जागा, वर्षाच्या मध्यावर बदललेला अभ्यासक्रम ही कारणे वर राहतात आणि त्यांचा ताण खाली दोन माणसांत भांडणाचे रूप घेतो. अशा वेळी दोन वैयक्तिक गाऱ्हाण्यांचे एक सामूहिक गाऱ्हाणे बनवणे आणि ते योग्य दारी नेणे, हे प्रतिनिधीचे खरे कौशल्य होय.

संपाच्या काळात ही ओढाताण अधिक तीव्र होते. १ फेब्रुवारी २०२३ रोजी इंग्लंडमधील शिक्षकांनी वेतनासाठी संप सुरू केला आणि त्या वर्षी तो अनेक दिवशी झाला. संपावर गेलेल्या सहकाऱ्याचे वर्ग घेण्यास विभागप्रमुखाने नकार द्यावा की मुलांच्या परीक्षा जवळ आल्या म्हणून ते घ्यावेत? वर्षभर त्या सहकाऱ्यांसमवेत काम करावयाचे असते, ही गोष्ट त्याला विसरता येत नाही. येथे संघटनेचा लेखी सल्ला उपयोगी पडतो, कारण त्यामुळे निर्णयाचे ओझे एकट्याच्या खांद्यावर राहत नाही.

एकच घर की स्वतंत्र दालन?

मधल्या फळीने कोणत्या संघटनेत असावे, याविषयी इंग्लंडमध्ये दोन विचार आहेत. मुख्याध्यापकांची एक संघटना १८९७ पासून अस्तित्वात आहे. तिने २०१४ मध्ये मधल्या फळीसाठी स्वतंत्र शाखा काढली. माध्यमिक शाळांच्या प्रमुखांच्या दुसऱ्या संघटनेने २००६ मध्ये आपले नाव बदलून शाळा-महाविद्यालयांतील नेत्यांची संघटना असे व्यापक नाव घेतले. या मताचे लोक म्हणतात की, नेतृत्वाचे प्रश्न निराळे असतात; त्यांना निराळा सल्ला आणि निराळे प्रशिक्षण हवे.

दुसरा विचार असा की, शाळेतील सर्व शिक्षक एकाच संघटनेत असावेत. १ सप्टेंबर २०१७ रोजी दोन मोठ्या संघटना एकत्र येऊन नॅशनल एज्युकेशन युनियन स्थापन झाली, त्यामागे ऐक्याचा हाच विचार होता. विभागप्रमुख मुख्याध्यापकांच्या संघटनेत गेला तर त्याच्या नकळत त्याची नजरही वरच्या मजल्यावरून पाहू लागते, अशी भीती या पक्षाला वाटते. उलट, तो शिक्षकांच्याच संघटनेत राहिला तर एखादी नवी तपासणी-पद्धत आपल्या सहकाऱ्यांना कशी जाचेल, हे त्याला सभेत बसून ऐकावे लागते. आणि विभाग चालवताना कोणत्या अडचणी येतात, हे सहकाऱ्यांनाही त्याच्याकडून ऐकावे लागते. या ऐकण्याला मोल आहे.

स्कॉटलंडमध्ये याच प्रश्नाने निराळे वळण घेतले. तेथील शिक्षकांची प्रमुख संघटना १८४७ मध्ये स्थापन झाली. २००१ च्या करारानंतर तेथे वेतन व सेवाशर्ती सरकार, स्थानिक प्राधिकरणे आणि संघटना यांच्या त्रिपक्षीय वाटाघाटींनी ठरू लागल्या. ३५ तासांचा आठवडा आणि प्रत्यक्ष अध्यापनावर २२ तास ३० मिनिटांची साप्ताहिक मर्यादा हे त्याचे मोठे फळ. परंतु त्याच कराराने पदोन्नतीच्या काही मधल्या पायऱ्या काढून टाकल्या. पुढे अनेक शाळांत विषयांचे स्वतंत्र प्रमुख जाऊन तीन-चार विषयांच्या गटाला एकच प्रमुख आला. भूगोलाच्या शिक्षकाने आपण न शिकलेल्या विषयांच्या शिक्षकांना मार्गदर्शन करावयाचे, अशी स्थिती निर्माण झाली. वाटाघाटीची जागा टिकली तरी प्रश्न आपोआप सुटत नाहीत, एवढा धडा त्यातून घेता येतो. तथापि तो प्रश्न मांडण्यासाठी टेबल मात्र शिल्लक राहते.

इंग्लंडमध्ये २०१० च्या कायद्यानंतर अकॅडमी प्रकारच्या शाळा झपाट्याने वाढल्या. स्थानिक प्राधिकरणाच्या कक्षेबाहेरील या शाळांना त्या वेळी राष्ट्रीय सेवाशर्तींचे बंधन नव्हते. पुष्कळ शाळांनी त्या स्वेच्छेने पाळल्या, काहींनी त्यांत बदल केले. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन शाळांतील विभागप्रमुखांचे तास आणि वेतन निराळे असू शकले. जेथे राष्ट्रीय नियम थांबतो तेथे शाळेतील प्रतिनिधीचे महत्त्व वाढते, हे ओघानेच आले.

शिकण्याचा हक्क

चांगला शिक्षक आपोआप चांगला प्रमुख होतो, ही समजूत सर्वत्र आढळते आणि ती सर्वत्र चुकीची ठरते. अवघड बातमी कशी सांगावी, सभा कशी चालवावी, रडत आलेल्या सहकाऱ्याला काय म्हणावे, हे कोणत्याही पदवी परीक्षेत शिकवले जात नाही. १९९८ मध्ये सरकारने संघटनांमार्फत शिक्षण देण्यासाठी एक निधी सुरू केला आणि २००२ च्या कायद्याने संघटनेच्या अध्ययन-प्रतिनिधींना त्या कामासाठी सवेतन वेळ मिळण्याचा हक्क दिला. हा निधी मार्च २०२१ मध्ये बंद झाला. प्रतिनिधींचा कायदेशीर हक्क मात्र राहिला. संघटनेच्या अभ्यासवर्गाचा एक विशेष लाभ असा की, तेथे बोललेले शब्द मुख्याध्यापकांच्या दप्तरी जात नाहीत. ‘मला हे जमत नाही’ असे म्हणण्याची मोकळीक जेथे असते तेथेच माणूस शिकू लागतो.

उपसंहार

आरंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाकडे आता वळता येईल. विभागप्रमुख अथवा इयत्ताप्रमुख हा नोकरी करणाराच आहे. त्याचे तास मोजले जातात, त्याची चौकशी होऊ शकते, त्याचे पद एका ठरावाने जाऊ शकते. तरीही त्याच्या हाती सहकाऱ्यांवरील थोडी सत्ता असते आणि ती सत्ता त्याने मागून घेतलेली असो वा नसो, तिच्या वापराचा हिशेब त्याला द्यावा लागतो. संघटनेने त्याच्यासाठी काय करावे, याचे उत्तर या दोन्ही गोष्टी एकदम ध्यानात ठेवल्यानेच मिळते. त्याला वेळ, मोबदला आणि शिक्षण मिळवून देणे हे तिचे काम. त्याच्यावर अन्याय झाला तर सोबत उभे राहणे हेही तिचे काम. आणि वरून आलेले दडपण त्याने खाली जसेच्या तसे लोटू नये म्हणून त्याला ‘नाही’ म्हणण्याचे बळ देणे हे सर्वांत मोठे काम.

हे बळ एकट्याला लाभत नाही. एकटा विभागप्रमुख मुख्याध्यापकांना म्हणाला की, हा तक्ता भरावयास मला सवड नाही, तर तो कामचुकार ठरण्याचा संभव असतो. शाळेतील सारे विभागप्रमुख संघटनेच्या सभेत बसून हिशेब मांडतात आणि तोच कागद घेऊन एकत्र जातात, तेव्हा तो शाळेचा प्रश्न बनतो. ‘वाजवी’ या शब्दाला आकडा मिळतो तो अशाच कागदावर. पुढील वर्षीचे वेळापत्रक बहुतेक शाळांत उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी तयार होते. तो आकडा त्यापूर्वी वेळापत्रक करणाऱ्याच्या हाती पोचलेला असला, तर सप्टेंबरमध्ये शाळा उघडेल तेव्हा विभागप्रमुखाच्या आठवड्यात तो मोकळा तास लिहिलेला असेल.